किल्ली मालकाच्याच हाती हवी

मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग विकत घेऊन भिवंडीच्या छोट्या धंदेवाल्यांनी यंत्रमागाचा उद्योग उभारला. जुन्या यंत्राला नवा जोड देऊन काम करून घेण्याची ही वृत्ती आता तेथील गोदामांतील संगणकांनाही लावण्याजोगी आहे.

मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरमध्ये देखरेखीची स्वतंत्र चिप असते. मुख्य यंत्रणा कोलमडली तरी तो दुरून बंद-चालू करता येतो. त्यासाठीचे समाईक मानक इंटेल, डेल आदी कंपन्यांनी १९९८ साली पुढे आणले. माणकोली वा काल्हेर येथील छोट्या गोदामातल्या साध्या संगणकात ही सोय बहुधा नसते. दूरनियंत्रणाचे नेहमीचे सॉफ्टवेअर संगणक सुरळीत चालू असेल तोवरच उपयोगी. तो अडकला, की तंत्रज्ञ येईपर्यंत बिले आणि माल दोन्ही खोळंबतात.

'आयपी-केव्हीएम' हे बाहेरून जोडायचे छोटे उपकरण पडदा, कळफलक व माउस यांचा ताबा दुरून देते. पॉवरच्या बटणाशी जोडले, तर अडकलेला संगणक पुन्हा सुरूही करता येतो. छोट्या व्यावसायिकांनी हा मार्ग अवश्य स्वीकारावा.

मात्र हे उपकरण ज्याच्या ताब्यात, त्याच्या ताब्यात सारा संगणक. मूळचा पासवर्ड न बदलता ते इंटरनेटवर उघडे ठेवणे म्हणजे गोदामाला कुलूप न लावणेच होय. शिवाय ही किल्ली ठेकेदाराच्याच स्वाधीन केली, तर ठेकेदार बदलण्याचे स्वातंत्र्यही उरत नाही. देखभाल खुशाल दुसऱ्याकडे सोपवावी. किल्ली मात्र मालकानेच जपावी.