थोरांच्या मुखी आपले शब्द

गेल्या १ ऑगस्टला लोकमान्यांच्या पुण्यतिथीनिमित्त आम्ही पहिल्या पानावर, ठळक चौकटीत, त्यांचे म्हणून एक वचन छापले. बुधवार पेठेतील एका वृद्ध वाचकांनी लगोलग पत्र पाठवून एवढेच विचारले की, हे उद्गार लोकमान्यांनी केव्हा व कोठे काढले? आम्ही 'केसरी'तील त्यांचे लेख धुंडाळले, भाषणांचे संग्रह चाळले. वचन कोठेही आढळले नाही. आमचा आधार होता एका जुन्या दिनदर्शिकेचे पान! ते वचन आम्ही आज जाहीरपणे मागे घेत आहो व वाचकांची क्षमा मागत आहो.

ज्या पुरुषाच्या नावावर आम्ही हा प्रमाद केला, त्याला खोट्या कागदाची किंमत चांगली ठाऊक होती. कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्याविरुद्ध प्रसिद्ध केलेली पत्रे न्यायालयात बनावट ठरली, आणि १८८२ साली टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा होऊन डोंगरीच्या तुरुंगात जावे लागले. हेतू शुद्ध होता, माफीही मागितली होती. तथापि कागद खोटा तो खोटाच. पुढे १९०८ च्या खटल्यात नेमके उलटे घडले. सरकारी भाषांतरात आपल्या मराठी शब्दांचा विपर्यास झाला आहे, हे टिळक ज्यूरीपुढे परोपरीने सांगत होते. त्या नऊ जणांत सात युरोपीय व दोन पारशी होते. परिणाम सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा! १९१६ साली बेळगाव व अहमदनगर येथील भाषणांवरून त्यांच्याकडून जामीन मागण्यात आला, तेव्हा मात्र मुंबई उच्च न्यायालयाने सुट्या वाक्यांवर न अडता भाषणे समग्र वाचली आणि तो हुकूम रद्द केला. शब्द कोणाचा, कोणत्या भाषेतला व कोणत्या संदर्भातला, या प्रश्नांवर माणसाचे स्वातंत्र्य टांगलेले असू शकते, याहून मोठा पुरावा कोणता हवा?

स्वराज्याच्या जन्मसिद्ध हक्काची घोषणा तर मुलामुलांस पाठ आहे. पण तिची जन्मकथा विचारावी, तर कोणी बेळगाव सांगतो, कोणी लखनौ. कोणी त्या शब्दांचे श्रेय काका बॅप्टिस्टांना देतो. घोषणेचे तेज अशा चौकशीने उणे होत नाही. उलट आपला आदर डोळस होतो. याच्या उलट मेकॉलेचे ते 'भाषण' पाहा. २ फेब्रुवारी १८३५ रोजी त्याने ते ब्रिटिश पार्लमेंटात केले असे आजही व्यासपीठांवरून सांगितले जाते. त्या दिवशी तो हिंदुस्थानात होता! ती तारीख त्याच्या शिक्षणविषयक टिपणाची आहे, आणि त्या टिपणात ते उद्गार नाहीत. मेकॉलेवर टीका करण्यास त्याचे खरे शब्द पुरेसे असता, खोटे शब्द कशाला हवेत?

काही सज्जन म्हणतील, 'वचन चांगले आहे ना? मग ते कोणाचे का असेना!' आम्हांस हे मान्य नाही. विचार चांगला असेल तर तो स्वतःच्या नावावर सांगावा व त्याची जबाबदारीही घ्यावी. मृतांना प्रतिवाद करता येत नाही. म्हणूनच त्यांच्या तोंडी आपले मत घालणे हा केवळ प्रमाद नव्हे, ते भ्याडपण आहे. आज परस्परविरोधी पक्ष एकाच नेत्याची परस्परविरोधी वचने भिंतींवर लावतात. अशाने तो नेता कोणाचाच राहत नाही.

साधने दूर नाहीत. बुधवार पेठेतच १८४८ साली स्थापन झालेले नगर वाचन मंदिर आहे, अप्पा बळवंत चौकात पुस्तकांची रांग आहे. डॉ. आंबेडकरांची लेखने व भाषणे महाराष्ट्र शासन १९७९ पासून खंडशः प्रसिद्ध करीत आले आहे. उणीव आहे ती दहा मिनिटे पाने उलटण्याच्या इच्छेची.

आम्ही आमच्यापुरता नियम केला आहे : यापुढे ठिकाण, तारीख व मूळ ग्रंथ यांवाचून कोणत्याही नेत्याचे वचन या पत्रात छापले जाणार नाही. मुळात नाही ते लिहिणार नाही, ही प्रतिज्ञा मल्लिनाथाने शतकांपूर्वी केली. आम्ही ती शाळेत मुलांना शिकविली. पाळण्याची आठवण मात्र एका वाचकाला करून द्यावी लागली. त्यांचे आम्ही ऋणी आहो.