उद्या तोच कायदा आपल्यावर!



कुठे स्फोट झाल्याची बातमी आली की चिकोडीच्या चहाच्या टपरीवर एकच निकाल लागतो : "धरा आणि गोळ्या घाला! कसला खटला आणि कसले मानवाधिकार?" हा संताप आम्हालाही समजतो. २००८ च्या मुंबई हल्ल्यात १६६ माणसे गेली. कसाबला जिवंत पकडताना तुकाराम ओंबळे शहीद झाले. तरीही त्या कसाबला आपण वकील दिला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊ दिले आणि मग २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी दिली. देश दुबळा ठरला काय?

आता दुसरी बाजू पाहा. ८ सप्टेंबर २००६ रोजी मालेगावात स्फोट झाले, तीसहून अधिक माणसे मेली. नऊ मुसलमानांना पकडून मकोका लावला. बहुतेकांना पाच वर्षांनी जामीन मिळाला. पुढे राष्ट्रीय तपास यंत्रणेने वेगळ्याच लोकांवर आरोप ठेवले आणि २०१६ मध्ये न्यायालयाने हयात असलेल्या आठजणांना आरोपमुक्त केले. त्यांची गेलेली वर्षे कोण परत देणार? आणि मेलेल्यांना तरी न्याय मिळाला काय? चुकीचा माणूस आत असतो, तेव्हा खरा गुन्हेगार बाहेर मोकळा फिरत असतो. मानवाधिकार म्हणजे अतिरेक्याला घातलेली भीक नव्हे. खराच गुन्हेगार सापडावा म्हणून पोलिसांना घातलेली ती शिस्त आहे.

"आम्हाला काय त्याचे?" असे सीमाभागाने तरी म्हणू नये. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळीबार झाला, ९ जण हुतात्मे झाले. आपली भाषा मागणारा माणूस सरकारी कागदावर 'शांततेला धोका' कसा बनतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

टाडा १९९५ मध्ये संपला, पोटा २००४ मध्ये रद्द झाला; दोन्ही गैरवापरानेच बदनाम झाले. पण त्यांतली बरीच कलमे यूएपीएत येऊन बसली. त्याखाली आरोपपत्राविना १८० दिवस आत ठेवता येते, जामीन महाकठीण, आणि २०१९ पासून खटल्याविनाच एखाद्या व्यक्तीला दहशतवादी जाहीर करता येते.

कायदा कडक हवा, जरूर हवा. पण पहिल्या दिवसापासून वकील, वेळेत खटला, निर्दोष सुटलेल्याला भरपाई आणि खोटा पुरावा रचणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा, एवढे मागणे हा देशद्रोह नव्हे. आज दुसऱ्यासाठी हे मागितले नाही, तर उद्या आपल्यासाठी मागायला कोणत्या तोंडाने जाणार?