थंडाईचा पेला आणि छातीतली धडधड

मैत्रिणींनो, धुळवडीला आपल्या उपनगरांतल्या सोसायट्यांत थंडाईचे पेले फिरतात. ‘प्रसाद आहे, नाही म्हणू नये’ असा आग्रह होतो. पेल्यात भांग असली, तर दुपारी घरात धावपळ ठरलेली! धाकटे दीर, नाहीतर कॉलेजातला मुलगा छातीवर हात ठेवून म्हणतो, ‘मी मरतोय!’

हे नाटक नव्हे, बरं का. भांग, गांजा, चरस हे एकाच झाडाचे. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानं गांजा-चरसवर बंदी आली. नुसत्या पानांची भांग त्या व्याख्येत बसत नाही. म्हणून ती निरुपद्रवी, असा समज झाला. पण नशेचं द्रव्य तिन्हींत एकच, टीएचसी. त्यानं नाडी जलद होते, तोंड कोरडं पडतं, पाच मिनिटं तासासारखी वाटतात. धडधडीनं माणूस घाबरतो आणि घाबरल्यानं धडधड आणखी वाढते.

शिवाय भांग चढते उशिरा. गांजाचा धूर काही मिनिटांत लागतो. पोटातल्या भांगेला अर्धा ते दोन तास लागतात. ‘काहीच झालं नाही’ म्हणून दुसरा पेला घेतात, मग दोन्ही एकदम अंगावर येतात! उतरायला सहा-आठ तास, कधी जास्तही.

अशा वेळी रागावू नका. रागानं भीती वाढते. बोलणी दुसऱ्या दिवशी! शांत, मंद उजेडाच्या खोलीत बसवा, कुणीतरी जवळ राहा. ‘हे भांगेनं होतंय, उतरेल’ असं पुनःपुन्हा सांगा. सावकाश श्वास घ्यायला लावा, घोटघोट पाणी द्या. सासूबाईंना मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या असतील तर ओवाळू द्या. पण चिंचेच्या पाण्यानं भांग उतरेल या भरवशावर राहू नका. मुद्दाम उलटी करवू नका, घरातली झोपेची गोळी देऊ नका, स्कूटरची किल्ली काढून ठेवा.

छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, झटके येणं, भास होणं, किंवा लहान मुलाच्या पोटात भांग जाणं, यांत मात्र थांबू नका. १०८ ला फोन करा. घाटकोपरला राजावाडी, अंधेरीकरांना कूपर जवळ आहे. डॉक्टरांपासून भांगेची गोष्ट लपवू नका. ‘लोक काय म्हणतील’ यापायी उपचार चुकता कामा नयेत. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या बहिणींनी तर पेला नाकारावाच. हे द्रव्य दुधातूनही बाळाकडे जातं.

सण सरला तरी मुलगा गांजा ओढतो, झोपत नाही, पुनःपुन्हा घाबरतो असं दिसलं, तर घरातच कुढू नका. १४४१६ या सरकारी ‘टेली-मानस’ क्रमांकावर मनाच्या तक्रारींसाठी फुकट सल्ला मिळतो. आणि यंदा पेला हातात आला की घरच्यांना देण्याआधी निःसंकोच विचारा, ‘यात भांग आहे का हो?’