मजले मोजण्याआधी पाया बघा

ईदला धाराशिवला गेलो तेव्हा धाकट्या भावाने विषय काढला. त्याचं लग्न ठरलंय, खोल्या कमी पडतात. घरावर आणखी दोन मजले चढवू. अब्बांनी 1997 साली बांधलेलं घर तळमजला अधिक एक आहे. गल्लीत चार-चार मजले झालेत, मग आपणच मागे का, हा त्याचा प्रश्न.

मी सॉफ्टवेअरमधला माणूस. तरी अभियांत्रिकी शिकताना एवढं कळलं होतं की जुन्या पायावर नवं ओझं टाकण्याआधी हिशोब करावा लागतो. आम्ही स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. कॉलम नऊ इंची, ड्रॉइंग कुठेच नाही. त्यांनी सांगितलं, वर पत्र्याची खोली चालेल, स्लॅब नको. भाऊ अजून नाराज आहे.

मित्रांनो, माझं भांडण उंचीशी नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात आपल्या जिल्ह्यात सास्तूरसारखी गावं उद्ध्वस्त झाली. ती घरं काही उंच नव्हती. चिखलात रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि माळवदावरची माती यांनी झोपलेली माणसं गाडली. दुसरीकडे, 4 एप्रिल 2013 ला मुंब्र्याजवळ शिळफाट्याला काही महिन्यांत उभारलेली बेकायदा बहुमजली इमारत कोसळली. 74 जण गेले. स्वस्त घराच्या आशेने आलेली गरीब कुटुंबं होती ती.

म्हणजे जीव घेते ती कच्ची बांधणी, मग मजला एक असो वा सात. नीट बांधलेले चार मजले टिकतात. पण त्यासाठी कॉलमच्या रिंगांची टोकं आत वळवलेली लागतात, काँक्रीटवर किमान सात दिवस पाणी मारावं लागतं. आपल्याकडे उन्हाळ्यात प्यायला टँकर येतो, तिथे पहिली काटकसर इथेच होते. तळाला दुकानांसाठी भिंती काढल्या की अख्खी इमारत नुसत्या कॉलमवर उभी राहते. भूकंपात तोच मजला आधी बसतो. शिवाय चौथ्या मजल्यावर पाणी चढेल का, अरुंद बोळात अग्निशमनची गाडी शिरेल का, हेही बघायला हवं.

म्हणून घरात मजल्याचा विषय निघाला तर गवंड्याला दर विचारण्याआधी तीन गोष्टी मागा: परवानगी, सही असलेलं ड्रॉइंग आणि पाया किती मजल्यांचा आहे याचं लेखी उत्तर. थोरल्यांपुढे हे बोलणं जड जातं, मलाही गेलं. सध्या आम्ही जवळच दोन खोल्या भाड्याने शोधतोय.