वर्गणीचा अंदाज आणि सहा लेकरं

दसरा-दिवाळी आली की परळी, धारूर, वडवणी, केज या भागातले कोयते साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादमाची उचल हातात पडल्याशिवाय कोणी गाडीत बसत नाही. नुसत्या शब्दावर सहा महिन्यांचा संसार उचलायचा नसतो, हे आपल्या ऊसतोड कामगाराला कोणी शिकवावं लागत नाही. पण त्याच गावातली संस्था, मंडळ किंवा ट्रस्ट मात्र "अमके देतो म्हणालेत" एवढ्या भरवशावर सहा महिन्यांचा किराणा उधार आणते. महाशिवरात्रीच्या आत दुकानदार दारात उभा राहतो आणि मग मिटिंगा सुरू होतात.

आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट लेकरांच्या शाळेपर्यंत येऊन भिडते. आईबाप फडात गेले की मागे राहिलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं चालतात. त्याला सरकारी योजना आहे, शाळा व्यवस्थापन समित्या ती राबवतात. पण काही ठिकाणी जेवणाखाण्याचा भार संस्था आणि गावकरी देणगीवर उचलतात. तिथलं जेवण जानेवारीत बंद पडलं तर लेकरू आईबापाकडे फडात जातं आणि त्याचं शाळेचं वर्ष बुडतं. म्हणून वर्गणीचा अंदाज हा कारकुनी विषय नाही. तो कारभाऱ्यांनीच समजून घेतला पाहिजे.

मागच्या सालावर दहा टक्के

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चा आहे. ठराविक मर्यादेच्या वर उत्पन्न असलेल्या ट्रस्टनं वर्ष सुरू होण्याच्या किमान एक महिना आधी अंदाजपत्रक धर्मादाय कार्यालयात द्यावं, असं हा कायदा सांगतो. एप्रिल ते मार्च असं वर्ष धरणाऱ्यांनी म्हणजे फेब्रुवारीअखेर. पुष्कळ ठिकाणी काय होतं? मागच्या सालचा आकडा घ्यायचा, त्यावर दहा टक्के वाढवायचे आणि सह्या करायच्या.

ग्रामपंचायतीत एवढं तरी असतं, की नमुना ९ मध्ये कुणाकडून किती घरपट्टी येणं आहे ते लिहिलेलं असतं. वसुली कमी-जास्त होईल, पण मागणी ठरलेली असते. देणगीला मागणी नोंदवही नाही. देणाऱ्याच्या मनावर आणि त्याहून जास्त त्याच्या खिशावर ती अवलंबून. म्हणून इथं अंदाज अधिक जपून करावा लागतो.

खिसा कधी भरतो, कधी रिकामा

आपल्याकडचा पैसा बारा महिने सारखा वाहत नाही. सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीला, कापसाचा पुढे दोन-तीन महिने. ऊसतोड कामगार पाडव्याच्या आसपास परततो, पण त्याची उचल आधीच फिटायची असते. जूनमध्ये बी-खतापायी सगळ्यांचेच खिसे रिकामे. वैजनाथाच्या परळीत श्रावण आणि महाशिवरात्रीला हात सैल सुटतात, पण तो ओघ सगळा आपल्याच संस्थेकडे वळेल असं नाही.

भावही बघा. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि अनेकांना त्याच्या खालीच माल घालावा लागला. अशा साली शेतकऱ्यानं ५०१ ची पावती २५१ वर आणली तर त्याला नाव ठेवता येत नाही. गावाची तीच गोष्ट शहराची. परळीचं औष्णिक वीजकेंद्र २०१३ आणि २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद पडलं होतं. केंद्र थंडावलं की ठेकेदार, वाहतूकदार, हॉटेलवाला असे सगळेच हात आखडतात. देणगीच्या यादीत तीच माणसं असतात.

दुसरीकडे, संकटाच्या साली बाहेरचा पैसा वाढतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर देशभरातून मदत आली. २०१५ च्या दुष्काळात नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी नाम फाउंडेशन काढलं, तेव्हाही देणग्यांचा ओघ लागला. पण लाट ती लाटच. लाटेचं साल धरून पुढच्या सालचा अंदाज बांधला की संस्था तोंडघशी पडलीच म्हणून समजा. मागच्या तीन सालांची पावतीपुस्तकं काढा, एकदाच आलेली रक्कम बाजूला ठेवा आणि उरलेली महिन्यावार लिहा. पहिलं काम हेच.

पैशाचे तीन ढीग

आता हिशेब करून बघू. समजा, एका संस्थेला ४० मुलं सहा महिने सांभाळायची आहेत. एका मुलाचा दिवसाचा खर्च ६० रुपये धरा. १८० दिवसांचे झाले ४ लाख ३२ हजार.

मिळकतीचे तीन ढीग करा. पहिला, हातात आलेला किंवा लेखी मिळालेला पैसा: दीड लाख. दुसरा, दरसाल देणारी माणसं. त्यांनी मागच्या साली २ लाख ४० हजार दिले होते. तिसरा, नवे तोंडी शब्द: १ लाख ६० हजार. नुसती बेरीज केली तर साडेपाच लाख होतात. खर्च जाऊन १ लाख १८ हजार शिल्लक! मिटिंगीत टाळ्या पडतात.

आता जरा कडक हातानं मोजा. पहिला ढीग पूर्ण धरा. दुसऱ्याचे बारा आणे धरा, म्हणजे १ लाख ८० हजार. तिसऱ्याचे चार आणे, म्हणजे ४० हजार. बेरीज ३ लाख ७० हजार. शिल्लक तर नाहीच, उलट ६२ हजारांची तूट. एका मुलाला सहा महिन्यांचे १०,८०० रुपये लागतात. म्हणजे आज खात्रीनं ३४ लेकरं बसतात, सहा बसत नाहीत. ही गोष्ट दिवाळीआधी कळली तर सहा लेकरांसाठी पैसा उभा करायला वेळ असतो. जानेवारीत कळली तर त्यांना घरी पाठवायची वेळ येते. बारा आणे, चार आणे हे प्रमाण काही वेदवाक्य नाही. आपल्या गावात दहा शब्दांपैकी किती खरे होतात ते जुन्या वहीतून काढा आणि तेच धरा.

महिन्याच्या पाच तारखेला मेळ

अंदाज लिहून कपाटात ठेवला तर त्याचा उपयोग नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला तीन रकाने भरा: अंदाज, आलेले, फरक. सलग दोन महिने बारा आण्यांपेक्षा कमी आलं तर खर्चाला तिथंच हात घाला, मार्चची वाट बघू नका. वहीत देतो म्हणालेले आणि दिलेले कधीच एकत्र लिहू नका. पावती पैसे हातात आल्यावरच फाडा.

ज्वारी-गहू आला तर त्याची वेगळी धान्यवही ठेवा, वजनात. तेवढी खरेदी वाचते, पण त्या धान्यावर तेलाचं बिल भागत नाही. छतासाठी दिलेला पैसा छतालाच लावा. वित्त आयोगाचा बंधित आणि अबंधित निधी हाताळलेल्या सरपंच-ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. शहरातल्या देणगीदाराकडून शक्यतो बँकेतूनच घ्या. २,००० रुपयांच्या वर रोख दिली तर त्याला आयकरात सवलत मिळत नाही, हा नियम २०१७ पासून आहे.

एकाच दारावर भरवसा नको

मोठ्या दात्याचं दार उघडलं की लहान वर्गणीदाराकडं जायचा कंटाळा येतो. धोका तिथंच आहे. २०२० मध्ये परदेशी देणगीचा कायदा बदलला आणि अशी देणगी घेणाऱ्या संस्थेनं ती दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं. ज्या लहान संस्था मोठ्या संस्थांमार्फत त्या पैशावर चालत होत्या, त्यांचा हा झरा आटला. कंपन्यांचा सामाजिक निधी २०१४ पासून कायद्यानं आला खरा, पण तोही नफ्यावर बेतलेला. कंपनीचं पत्र हातात येईपर्यंत तो तिसऱ्याच ढिगात.

शंभर घरांनी दिलेले पाचशे आणि एकट्यानं दिलेले पन्नास हजार वहीत सारखेच दिसतात. पण शंभरातली वीस घरं मागं सरली तरी चाळीस हजार राहतात. एकटा मागं सरला की काहीच राहत नाही.

तेव्हा या खेपेला कोयते निघायच्या आधी एक संध्याकाळ काढा. पावतीपुस्तकं घेऊन पारावर नाहीतर शाळेत बसा आणि सगळ्यांसमोर तीन ढीग मांडा. तूट निघाली तर लाजू नका, ती फळ्यावर लिहा. "सहा लेकरांची सोय कमी पडतीय" एवढं गावाला कळलं की गाव हलतं. सगळं ठीक आहे असंच सांगत राहिलात तर कुणी खिशात हात घालणार नाही.