मुंबईला निघालात? वही घ्या!


सुट्टीत मुंबईला मामाकडे जाणार ना? मग आधी माझी फजिती ऐका. लेकीला पेंग्विन दाखवायला आम्ही दादरहून टॅक्सी करून राणीच्या बागेत गेलो. पाहतो तर फाटक बंद! बाग बुधवारी बंद असते, हे विचारलंच नव्हतं. भाडं फुकट गेलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच परतीची एसटी. लेक वाटभर मुसमुसत होती.

म्हणून आधी चौकशी करा. लोकलचं १, ३ किंवा ५ दिवसांचं पर्यटक तिकीट मिळतं. खूप फिरणार असाल तरच ते घ्या. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना साधं तिकीट अर्धं असतं. जवळजवळची ठिकाणं एकाच दिवशी पाहा. चर्नी रोडला उतरून गिरगाव चौपाटी, तिथून चालत मणिभवन. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की तिथं मुक्काम करीत. चौपाटीला तिकीट नाही. पाण्याची बाटली, पोळीभाजीचा डबा जवळ ठेवा.

आणि हिशेबाची वही तुम्हीच सांभाळा बरं का! जे मनापासून पाहायचंय, त्याचे पैसे आधी बाजूला काढा, मग बाकीचा खर्च बसवा. आमच्या लेकीच्या वहीत पहिली ओळ आहे : पेंग्विन. वार : बुधवार सोडून!

तुमच्या बाई