कमरेचं रिव्हॉल्वर

आमच्या हिंगोलीकडे, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचशा मराठवाड्यात, रिव्हॉल्वर हा दागिना आहे. पांढऱ्या शर्टाखाली, उजव्या कमरेला, बसताना शर्ट नेमका तेवढाच वर जाईल अशा बेतानं लावलेला. लग्नाच्या पंगतीत भाऊ, दादा, साहेब जे कोणी असतील ते बसताना त्यावर हात ठेवून बसतात, म्हणजे ज्यांना दिसलं नसेल त्यांनाही दिसतं. माझा आक्षेप हत्याराला नाही. यातल्या किती जणांना त्या हत्यारानं २५ मीटरवरचं एक ताट गाठता येईल? पैज लावायला तयार आहे. आणि गाठून दाखवा असं त्यांना आपल्याकडे कुणी विचारतही नाही, खरं दुखणं हे आहे.

आता जरा यंत्राबद्दल, कारण त्याशिवाय पुढचा मुद्दा कळायचा नाही. (कंटाळा आला तर एक परिच्छेद गाळा, पण गाळू नका.) जुन्या पद्धतीचं रिव्हॉल्वर म्हणजे सिंगल ॲक्शन. त्यात चाप एकच काम करतो, मागे ताणलेला घोडा सोडतो. घोडा ताणायचा तो अंगठ्यानं, प्रत्येक गोळीला नव्यानं. घोडा ताणला की गोळ्यांची चक्री एक घर पुढे सरकते. डबल ॲक्शनमध्ये ही दोन्ही कामं चाप एकटाच करतो, म्हणून तो जड लागतो, आणि जड चाप ओढताना नवख्याचा नेम हलतो. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच पटेल. एक फंक्शन, एक काम.

या जातीचं सगळ्यात प्रसिद्ध मॉडेल म्हणजे कोल्टचं १८७३ चं सिंगल ॲक्शन आर्मी, तेच ते काउबॉयपटातलं. घरं सहा, पण जाणकार माणूस गोळ्या पाचच भरतो आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवतो. का, तर घोड्याची टाचणी थेट गोळीच्या बुडावर टेकते. हत्यार हातातून पडलं तर गोळी उडू शकते. रुगर कंपनीनं आपल्या रिव्हॉल्वरमध्ये यावर यांत्रिक उपाय केला तो १९७३ मध्ये. म्हणजे शंभर वर्षं सुरक्षितता ही यंत्रात नव्हती, माणसाच्या सवयीत होती. अमेरिकेत १९८७ पासून सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी नावाची संस्था याच्या स्पर्धा घेते. मोठमोठी माणसं काउबॉयचे कपडे घालून, टोपणनावं घेऊन लोखंडी पाट्यांवर गोळ्या मारतात. पोरखेळ वाटतो खरा, पण तिथेही नियम तोच, गोळ्या पाच आणि घोडा रिकाम्या घरावर. बाहेरचा एकजण बाजूला उभा राहून तपासतो.

ऑनसाइटला असताना मी टेक्सासमधल्या एका रेंजवर भाड्यानं असं रिव्हॉल्वर घेऊन बऱ्याच गोळ्या मारल्या. लक्षात काय राहिलं तर संथपणा. बाजूची खिडकी उघडा, एक एक गोळी भरा, चक्री फिरवा, अंगठ्यानं घोडा ओढा, श्वास थांबवा, सोडा. मग रिकामी टोपणं दांडीनं एक एक करून बाहेर ढकला. रुबाब दाखवायला या सगळ्यात जागाच नाही. हिरो जसा एका हातानं धडाधड उडवतो तसं करून पाहिलंत तर कागद कोराच्या कोरा परत येतो, आणि तो कागद शेजारच्या लेनवालाही बघत असतो!

मग इथे एक बाणेदार प्रश्न येतोच: आपल्याकडे कोल्ट कुठून आणायचं? सर्वसामान्य परवानाधारकाला परदेशी हत्यार मागवता येत नाही, ती सवलत नामवंत नेमबाजांना. मान्य. पण कोल्ट हवंय कुणाला? कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं .३२ रिव्हॉल्वर, जे यातल्या कित्येकांच्या कमरेला लटकलेलं असतं, ते डबल ॲक्शन असलं तरी त्याचा घोडा अंगठ्यानं ओढता येतो. ओढलात की ते सिंगल ॲक्शन झालं. आणि आता मजा बघा. त्यात जाते ती .३२ स्मिथ अँड वेसन लाँग गोळी. नेमबाजीत पुरुषांचा २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल नावाचा प्रकार आहे, त्यात जगभरातले बहुतेक नेमबाज हीच गोळी वापरतात. जसपाल राणानं १९९४ मध्ये हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते याच प्रकारात. नियमात रिव्हॉल्वरही चालतं. म्हणजे साहेब कमरेला जे घेऊन पंगतीत बसलेत, त्याच मापाच्या गोळीवर आंतरराष्ट्रीय पदकं मिळालेली आहेत. साहेबांना हे माहीत आहे का? अहो, साहेबांना गोळी कुठल्या मापाची तेही परवान्यावर वाचून सांगावं लागेल.

पुण्यातल्या मित्रांशी यावर बोललो की ते दुसऱ्या टोकाला जातात. "बंदूक वाईटच, शिकवायची कशाला?" हे ऐकायला छान आहे. पण परवाने तर दिले जातातच ना? तुमच्या नापसंतीनं त्या साहेबाच्या कमरेचं हत्यार उतरत नाही. उतरतो तो फक्त त्या पोराचा उत्साह, ज्याला खरंच कागदावर नेम धरायचाय. कोल्हापूरकडे बघा. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये रायफलमध्ये जगज्जेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण आणलं, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेनं कांस्य. एकाच जिल्ह्यातले हे तिघे. यांच्यापैकी कुणामुळे कुठल्या लग्नात मांडवाला भोक पडलंय? भोक पाडणारे वेगळे असतात. त्यांच्यासाठी २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती करावी लागली. समारंभात बेदरकारपणे गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायद्यात ओळ आली. पंगतीतला हात कमरेवरून हलला नाही.

आणि हिंगोलीला हत्यार नवं आहे असंही नाही. १९०३ पर्यंत इथे निजामाच्या हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. आज राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १२ आहे. पहाटे रस्त्यावर भरतीसाठी धावणारी पोरं आहेत. दसऱ्याला रामलीला मैदानावर रावण जळतो, घराघरात शस्त्रपूजन होतं, हळदकुंकू लागतं, झेंडूचं फूल चिकटतं. पूजा करायला आपण पटाईत. पण त्याच पोराला नेम शिकायचा तर एनसीसीत हाताला लागते तेवढी .२२ रायफल, नाहीतर जत्रेतली फुगे फोडायची छर्ऱ्याची बंदूक, जिची नळी मुद्दामच वाकडी असते असा माझा लहानपणापासूनचा संशय आहे. पुढचं काही हवं असेल तर रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून पुणे-मुंबई गाठा. स्पर्धा खेळल्याशिवाय नेमबाज म्हणून परवाना नाही, आणि सराव केल्याशिवाय स्पर्धा नाही. उलट "जिवाला धोका आहे" असं लिहून देणाऱ्याकडे स्कोअर कुणी मागत नाही. नव्या नियमांत परवान्याआधी सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण आहे, ठीक आहे. पण प्रशिक्षणाचा कागद वेगळा आणि गोळीनं भोक पडलेला कागद वेगळा.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. परवान्याचं नूतनीकरण आता पाच वर्षांनी होतं. त्या वेळी परवानाधारकानं आपलंच हत्यार घेऊन रेंजवर यावं. २५ मीटर, दहा गोळ्या, एक हात, प्रत्येक गोळीला अंगठ्यानं घोडा ओढून. स्पर्धेच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ ५ सेंटिमीटरचं असतं, त्याची अपेक्षा मी करत नाही. मधला काळा गोल २० सेंटिमीटरचा आहे, दहापैकी सहा त्यात बसल्या तरी पुरे. नाही बसल्या तर हत्यार पोलीस ठाण्यात जमा, सराव करा, पुन्हा या. आणि ज्या जिल्ह्यात पोलिसांची रेंज आहे तिथे आठवड्यातला एक दिवस शिकणाऱ्या पोरांना द्या, शिस्तीत, प्रशिक्षकाच्या नजरेखाली. सुरुवात एअर पिस्तुलानं करा, ४.५ मिलिमीटरच्या, कमी ताकदीच्या एअर पिस्तुलाला परवानाही लागत नाही.

यावर एक ठरलेला आक्षेप येतो, गोळ्या महाग आहेत हो, आणि परवान्यावर कोटाही ठरलेला असतो. बरोबर. पण वरातीत आभाळाकडे पाच उडवताना हा हिशोब कधी कुणी केलेला मी ऐकला नाही. दहा गोळ्यांचे पैसे पाच वर्षांतून एकदा साहेबांना परवडतील.